काकूंचा मल्टिमीटर

आधी काकू, मग बाकीचं. काकूंनी बेसमेंटमधून वीज मोजायचा मल्टिमीटर काढून माझ्या हातात दिला नसता, तर त्या रविवारी मी फ्लॅश पिशवीत घालून घरी गेलो असतो आणि उरलेलं आयुष्य ‘बरोबर आहे साहेब’ म्हणत काढलं असतं. माझ्यावर कुणी उपकार केले की मला अवघडायला होतं, आणि अवघडलो की तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून हे लिहून ठेवतोय.

काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. कॅनडातल्या केंब्रिजमध्ये आम्ही जिथं भाड्यानं राहतो तिथून दोन गल्ल्या वर त्यांचं घर. त्यांचे यजमान इंजिनियर होते. पन्नासएक वर्षांपूर्वी दोघं इकडं आली, इथंच घर केलं, इथंच मुलगा झाला. यजमान गेल्याला आता सहा वर्षं झाली. आमच्या पहिल्याच हिवाळ्यात बायकोनं मला त्यांचा ड्राइव्हवे शोव्हल करायला पाठवलं. मी मान खाली घालून बर्फ उपसत होतो. दार उघडून काकू म्हणाल्या, “अरे, रस्ता मोकळा करायचाय, विहीर नाही खणायची. ये आत, चहा घे.” तेव्हापासून जातो.

मी नववीपर्यंत शिकलो. दहावीचं तोंड पाहिलं नाही. सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी एका फोटो स्टुडिओत बरीच वर्षं काढली, मग इकडंतिकडं. बायको नर्स. तिनं परीक्षा दिल्या, कागद भरले, आणि तिच्या पासपोर्टाला धरून मी कॅनडात आलो. ती हॉस्पिटलात, मी गाड्यांच्या सीटांना कव्हर चढवायच्या कारखान्यात. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पुरुषांचा पहिला प्रश्न ठरलेला, “तुम्ही कुठं?” म्हणजे कुठल्या कंपनीत, कुठल्या टीममध्ये. मी म्हणायचो, “ऑटोमोबाइलमध्ये,” आणि पुढचा प्रश्न यायच्या आत वडे आणायला उठायचो. शिक्षणाचा विषय निघाला की मला वॉशरूमला जावं लागायचं. मंडळातल्या लोकांना मला काहीतरी पोटाचं आहे असं वाटत असणार.

आता स्टुडिओ का सुटला ते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या मालकांनी पहिला डिजिटल कॅमेरा आणला तेव्हा गावात दुसऱ्या कुणाकडं नव्हता. त्यांनी तो दोन दिवस हारासकट काउंटरवर ठेवला होता. तिसऱ्या दिवशी एका लग्नाला तो घेऊन मला पाठवलं. सोबत काय न्यायचं, तर आमचा जुना फ्लॅश, विटेएवढा. बारा वर्षं त्यानंच लग्नं काढली होती. त्याच्या वायरीच्या टोकाला बोट लागलं तर कोपरापर्यंत मुंग्या यायच्या, पण फिल्मच्या कॅमेऱ्यांना त्याचं काही नव्हतं. मी तो फ्लॅश नव्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर सरकवला. एक फोटो निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला कॅमेऱ्याचा पडदा काळा झाला तो कायमचाच. जुने फ्लॅश कॅमेऱ्यात दोन-दोनशे व्होल्ट परत सोडतात आणि नव्या कॅमेऱ्यांच्या आतलं नाजूक सर्किट ते सोसत नाही, हे मला पुढं जिल्ह्याच्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. मालक ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “चार बुकं शिकला असतास, तर आधी वाचून बघितलं असतंस.” दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही, आणि त्यांनी बोलावलंही नाही.

मारलं असतं तर विसरलो असतो. हे वाक्य विसरलो नाही. विमानात बसलो तेव्हा ते शेजारच्या सीटवर होतं.

म्हणूनच असेल, कॅनडात आल्यावर मी कॅमेऱ्याच्या आधी फ्लॅश घेतला. जवळच्या वॉटरलू युनिव्हर्सिटीचा एक विद्यार्थी फोटोचा नाद सोडत होता, त्याच्याकडून. नवा फ्लॅश, मागं उजळणारा पडदा, डोकं वर-खाली, डावी-उजवीकडं वळणारं. बायको म्हणाली, “कॅमेरा कुठाय?” म्हटलं, “नाही.” “मग हा कशाला?” संध्याकाळी जेवण झालं की तो भिंतीकडं तोंड करून उडवायचो, पुन्हा भरला की पुन्हा उडवायचो. ज्या कुत्र्यानं चावलं त्याच्या जातीचं पिल्लू आणून पाळावं, तसं ते होतं.

कॅमेरा काकूंच्या बेसमेंटमध्ये भेटला. लोणच्याची बरणी आणायला त्यांनी मला खाली पाठवलं आणि बरणीच्या मागं चामड्याची पिशवी दिसली. आत यजमानांचा कॅमेरा, इथं आल्यावर पहिल्या पगारात घेतलेला. अगदी साधा. बॅटरी नाही, उजेड मोजणारा काटा नाही. अंतर ठरवायला भिंगाच्या कड्यावर तीन चित्रं कोरलेली: एक डोकं, दोन माणसं, एक डोंगर. जवळचा माणूस असेल तर डोकं, घोळका असेल तर माणसं, नाहीतर डोंगर. पिशवीत यजमानांचा त्या काळचा फ्लॅशही होता, आमच्या स्टुडिओतल्या विटेचा लहान भाऊ. मी त्याला हात लावला नाही.

“चालतो का रे?” काकूंनी विचारलं.

मी शटर दाबून कानाशी धरला. हे शटर भिंगाच्या आतच असतं, पाकळ्यांसारखं उघडतं आणि मिटतं. आवाज येतो तो जीभ टाळ्याला लावून सोडल्यासारखा, तेवढाच. “चालतो,” मी म्हणालो. त्यांच्याच अंगणात एक रोल उन्हात काढून पाहिला. चालत होता.

तेव्हा काकू म्हणाल्या, “मग माझ्या सहस्रचंद्राला याच कॅमेऱ्यानं फोटो काढायचे. आणि ते तू काढायचे.”

ऐंशी वर्षं होऊन वर काही महिने गेले की माणसानं हजार पौर्णिमा पाहिलेल्या असतात. म्हणून त्याला ओवाळतात. टोरांटोच्या कुणा नातेवाईक बाईंनी फोनवर सुचवलं होतं, की यजमान नाहीत तर ओवाळणं कशाला, नुसतं जेवण ठेवा. काकू म्हणाल्या, “चंद्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. ज्याला पटत नाही त्यानं नुसतं जेवावं.” एक्याऐंशी दिवे, कणकेचे. हॉलवाले पेटते दिवे लावू देत नाहीत, म्हणून घरीच.

मी हो म्हणालो, आणि तीन आठवडे झोपलो नाही. कारण दिवेलागणीच्या उजेडात, घरात, त्या साध्या कॅमेऱ्यानं फ्लॅशशिवाय काही यायचं नाही. आणि फ्लॅश म्हणजे माझा.

तसं पाहिलं तर गोष्ट सोपी आहे. नवा फ्लॅश नव्या कॅमेऱ्याशी सारखा बोलत असतो: किती अंतर, किती उजेड, आता पुरे. जुना कॅमेरा मुका. त्याला एकच शब्द येतो, ‘आता!’ पाकळ्या उघडल्या की तो वायरीतून तेवढं म्हणतो आणि गप्प बसतो. बाकीचा हिशेब मग माणसानं करायचा. तो मला येत होता. पण दोघांना जोडणारी वायर मागवली होती ती येता येता आदला दिवस उजाडला, आणि काकू कॅमेरा घराबाहेर नेऊ देत नव्हत्या. म्हणजे पहिली चाचणी रविवारी, कार्यक्रमाच्या आधी, त्यांच्याच डायनिंग टेबलावर.

रविवारी दुपारी दोनला आम्ही पोहोचलो. पाहुणे चारला येणार होते. बायको किचनमध्ये कणीक मळायला बसली. मी टेबलावर पंचा पसरला, फ्लॅश ठेवला, वायर लावली. कॅमेऱ्याची पाठ उघडली, आत फिल्म नाही. अशी पाठ उघडी ठेवून, मागून डोळा लावून शटर दाबायचं. फ्लॅश आणि शटर एका तालात असतील तर भिंगाचा अख्खा गोल उजळलेला दिसतो. वायरीचं दुसरं टोक कॅमेऱ्याच्या भोकात जाणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“थांब थांब थांब! काय करतोयस तू?”

काकूंचा मुलगा. आदल्या रात्री ओटावाहून गाडी चालवत आला होता. तिथं कनाटा भागात सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या जागेवर आहे. गळ्यात त्याचा स्वतःचा कॅमेरा, त्याचं भिंग माझ्या मनगटापेक्षा जाड. त्याचा जन्म इथला, त्यामुळं तो आईला तू म्हणतो, मला तू म्हणतो, पंतप्रधान भेटले तर त्यांनाही तूच म्हणेल. पण तेव्हा मला ते कळत नव्हतं. मी उभाच राहिलो.

“फ्लॅश जोडतोय साहेब.”

“हा मॉडर्न फ्लॅश आहे. बाबांचा कॅमेरा सेव्हन्टीजचा. यू कान्ट मिक्स देम. व्होल्टेजनं कॅमेरा फ्राय होतो. मी वाचलंय. प्रॉपरली वाचलंय.”

तो वाईट माणूस नाही, हे इथंच सांगतो. त्याच्या बापाचा कॅमेरा होता तो. मीही तसाच ओरडलो असतो. पण ‘वाचलंय’ म्हटल्यावर मालकांचं वाक्य पुन्हा शेजारी येऊन उभं राहिलं. मी म्हणालो, “उलटं आहे, साहेब.” इतक्या हळू, की ते माझ्या शर्टाच्या बटणालाच ऐकू गेलं असेल.

“सॉरी?”

“काही नाही. बरोबर आहे साहेब.” आणि मी वायर गुंडाळायला लागलो.

“माझा कॅमेरा आहे ना,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “मी काढतो सगळे. तू एन्जॉय कर.”

किचनच्या दारात बायको उभी होती, दोन्ही हात कणकेनं भरलेले. “झालं?” ती म्हणाली. “मी गाडीत जाऊन बसू का? म्हणजे माझ्यावर चिडायला तुला घरी पोचेपर्यंत थांबायला नको.”

“तू गप्प बस.”

“मी गप्पच असते. बोलायचं तुझ्याकडं आलंय.”

जिन्यावरून काकू उतरल्या. नवं लुगडं, पायात लोकरी मोजे. “कुणाचं काय जळतंय?”

मुलानं इंग्रजीत सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळल्या. “आणि तू काय पुटपुटलास मघाशी?”

“काही नाही, काकू.”

“मला कमी ऐकू येतं म्हणून लोक माझ्यासमोर खरं बोलून मोकळे होतात. तू तेवढंही करत नाहीस. मोठ्यानं बोल.”

मग मी बोललो. कसा ते आठवत नाही, पण बोललो. जुना फ्लॅश नव्या कॅमेऱ्याला जाळतो, हे खरं. नवा फ्लॅश जुन्या कॅमेऱ्याला काही करत नाही. साहेबांनी वाचलंय ते पहिलं. आपल्या टेबलावर आहे ते दुसरं.

“हाऊ डू यू नो?” मुलानं विचारलं.

“मी एक जाळलाय,” मी म्हणालो. कॅनडात हे मी पहिल्यांदाच उच्चारलं. बायकोलाही अर्धंच माहीत होतं. “मालकांचा. लग्नात. तिसऱ्या फोटोला. म्हणून माहीत आहे.”

“ओके, सॉरी अबाउट दॅट. पण त्यानं हे प्रूव्ह होत नाही ना? हा फ्लॅश पण तेवढंच व्होल्टेज सोडत असेल तर?”

प्रश्न रास्त होता. माझ्याकडं उत्तर एकच होतं, आणि तेही वेड्यासारखं. “जुन्याच्या वायरीला हात लागला की मुंग्या येतात. याच्या येत नाहीत.”

मुलानं आईकडं पाहिलं. काकूंनी माझ्याकडं. आणि म्हणाल्या, “मुंग्या मोजता येतात.”

त्या बेसमेंटमध्ये गेल्या. आम्ही तिघं वर उभे. खालून खणांचे, डब्यांचे आवाज. मुलगा म्हणाला, “आई, बी केअरफुल ऑन द स्टेप्स.” त्या वर आल्या तेव्हा हातात पिवळा मल्टिमीटर होता आणि त्यांना धाप लागली होती. “ह्यांचा आहे. बॅटरी मी दर दिवाळीला बदलते. का ते विचारू नका.” त्यांनी तो मुलाला दिला नाही. टेबलाला वळसा घालून माझ्या हातात दिला. “धर. आणि आकडा मोठ्यानं वाच.”

“काकू, साहेबांनी मोजलं तर—”

“त्यानं वाचलंय. तू मोज.”

यजमानांच्या जुन्या फ्लॅशमध्ये त्यांनी नव्या बॅटऱ्या घालायला लावल्या. एवढ्या वर्षांनी तो उठेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आधी काहीच नाही. मग आतून डासासारखी कुंई सुरू झाली, मिनिटभर चढत गेली, आणि मागचा लाल दिवा लागला. मुलाच्या तोंडून “ओह” निघालं. त्या कुंईवर तो लहानाचा मोठा झाला असणार. मी मीटरचं एक टोक फ्लॅशच्या तळाच्या मधल्या टिकलीला लावलं, एक कडेच्या लोखंडाला. आकडा हलत होता. मग स्थिर झाला.

“दोनशे तेवीस,” मी वाचलं.

काकूंनी ग्रोसरीच्या यादीच्या पाठीवर लिहिलं: २२३.

मग माझा फ्लॅश. बटण दाबलं, भरला. टोकं लावली. मला वाटलं मीटर बंद पडला, एवढा लहान आकडा.

“मोठ्यानं.”

“पाच पूर्णांक चार.”

किचनमध्ये कुकरची शिट्टी झाली. आणि मग माझ्या आत काहीतरी सरळ उभं राहिलं. मी म्हणालो, आणि ‘साहेब’ न लावता म्हणालो, “तुमच्या बाबांनी या कॅमेऱ्यात वर्षानुवर्षं दोनशे तेवीस सोडले. तुमचे सगळे बर्थडे त्या दोनशे तेवीसवर निघाले. तो मेला नाही. आता पाचानं मरतोय होय?”

काकू हसायला लागल्या. मुलगा मीटरकडं पाहत राहिला. मग त्यानं फोन काढला, काहीतरी उघडलं, ओठ हलवत वाचलं. “हं,” तो म्हणाला. “आय हॅड इट बॅकवर्ड्स.”

“वाचलंत बरोबर, साहेब. धरलंत उलटं.”

“त्याला साहेब काय म्हणतोस सारखं?” काकू म्हणाल्या. “त्याचे डायपर मी हातानं धुतलेत. तेसुद्धा मायनस वीसमध्ये.”

“मॉम!”

वायर कॅमेऱ्यात गेली. उघड्या पाठीतून डोळा लावायचं काम मी त्यालाच दिलं. मी शटर दाबलं. फ्लॅश उडाला, आणि तो डोळा न हलवता म्हणाला, “पुन्हा.” पुन्हा उडवला. “फुल सर्कल. अख्खा गोल दिसतो.” मग तिसऱ्यांदा उडवायला लावलं. तिसऱ्यांदा माझं बोट अडलं, तिसऱ्यालाच तो जुना मेला होता. दाबलं. गोल उजळला.

यानंतर मी कुणाला काही विचारलं नाही. फिल्म भरली, चारशे वेगाची. खिशातून सुतळी काढली. स्टुडिओतली सवय: फुटाफुटावर गाठ. साध्या कॅमेऱ्याला अंतर कळत नाही आणि मला अंदाज पुरत नाही. एव्हाना पाहुणे यायला लागले होते. पुण्याकडचे एक जण म्हणाले, “दादा, कुणाला बांधायचंय?” लोक हसले. एरवी मीही हसलो असतो आणि सुतळी खिशात घातली असती. मी काकूंच्या मुलाला म्हणालो, “हे टोक आईच्या कानाशी धरा.” त्यानं धरलं. ओटावाच्या मोठ्या जागेवरचा माणूस आईच्या कानाशी सुतळी धरून उभा राहिला, आणि हसणं आपोआप थांबलं.

समोरून फ्लॅश मारला असता तर दिवे मेले असते, काकूंचा चेहरा पिठासारखा झाला असता. म्हणून फ्लॅशचं डोकं छताकडं वळवलं. इकडची घरं बुटकी, छत पांढरं. छत हीच मोठी छत्री. उजेड छताला जाऊन काकूंपर्यंत यायचा तो बारा फूट. फ्लॅशच्या ताकदीचा आकडा फुटांत एकशे वीस. एकशे वीस भागिले बारा, दहा. छत उजेड दोनदा निम्मा करतं, म्हणजे दोन घरं खातं, चारशेची फिल्म दोन घरं परत देते, दहाचे दहाच. भिंगाचं तोंड किती उघडायचं त्या आकड्यांत दहा नसतो, आठ असतो आणि अकरा असतो. मी आठ घेतला, म्हणजे जरा जास्त उघडं. निगेटिव्ह जास्त उजेड पोटात घालते, कमी उजेडाला माफ करत नाही. शटर संथ ठेवलं, सेकंदाचा तिसावा भाग, म्हणजे ज्योतींना आपलं तेज फिल्मवर उतरवायला सवड मिळेल. हे सगळं मी मनात केलं, आणि ते चौथीच्या भागाकारापलीकडचं नव्हतं. चौथी मी पास आहे.

दिवे लागले. एक्याऐंशी, तीन ताटांत. बायका ओवाळायला लागल्या. मी काढत होतो. मध्ये कुणाचं तरी लांबलचक भाषण झालं आणि तेवढ्यात माझा फ्लॅश झोपला. नव्या फ्लॅशना ती खोड असते. काम नसलं की बॅटरी वाचवायला डोळे मिटतात. नवा कॅमेरा त्याला हलवून उठवतो. जुन्याला ‘आता’शिवाय शब्दच येत नाही, आणि झोपलेल्याला तो ऐकू जात नाही. हे मला माहीत होतं, तरी विसरलो. दोन फोटो तसेच गेले, अंधारात. मान मागून तापली. पुण्याकडचे म्हणाले, “गेला वाटतं!” मी त्यांच्याकडं न बघता म्हणालो, “झोपला होता. भाषण लांबलं की माणसंही झोपतात.” बटण दाबून उठवला. मग दर मिनिटाला त्याला टोचत राहिलो.

शेवटचं ओवाळणं मुलाचं. त्यानं ताट हातात घेतलं, एक्याऐंशीतले सत्तावीस दिवे त्यात, तुपाचा धूर वर चढत होता. ताट काकूंच्या चेहऱ्यासमोर आलं आणि छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला. सगळे दचकले. कुणी टॉवेल घेऊन धावलं, कुणी दार उघडलं, बाहेरची थंड हवा आत घुसली, ज्योती आडव्या झाल्या. मुलगा ताट खाली ठेवायला निघाला. मी ओरडलो, “हलायचं नाही!” मी. भर पाहुण्यांत. ताट तिथंच थांबलं. काकूंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तोंड उघडून, कवळीसकट, खदाखदा हसल्या. मी दाबलं. छत उजळलं.

अलार्म बंद झाल्यावर काकू म्हणाल्या, “बघा, हजार चंद्रांना सलामी दिली सरकारनं.”

रोल लॅबला गेला तो बारा दिवसांनी आला. त्या बारा दिवसांत मी काय खाल्लं ते मला माहीत नाही. कारखान्यात एका सीटला कव्हर उलटं चढवलं. फोटो आले. दोन काळे, ते झोपेतले. तीन जरा हललेले. बाकी सगळे आले. आणि तो आला. आडव्या झालेल्या ज्योतींच्या सोनेरी रेघा, मुलाचे घट्ट धरलेले हात, आणि काकू, छतावरून उतरलेल्या मऊ उजेडात हसताना, एकेक सुरकुती स्वच्छ. मुलानं त्याच्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटोही सुंदर होते. ते खोटं कशाला सांगू. पण त्या क्षणाचा फोटो त्याच्याकडं नव्हता. ताट त्याच्या हातात होतं.

काकूंनी तो फोटो फ्रिजवर लावला. शेजारी मॅग्नेटखाली ग्रोसरीची यादी उलटी: २२३ आणि ५.४. अजून आहे. कुणी आलं की त्या दाखवतात, आधी आकडे, मग फोटो.

गेल्या महिन्यात कारखान्यात एक फॉर्म भरायचा होता. शिक्षण किती, असा रकाना. असले रकाने आले की मी आजवर पेन हरवायचो. मी ‘नववी’ लिहिलं. अक्षर जरा मोठं आलं. त्याच्यापुढं रिकामी जागा होती, ती तशीच सोडली. मालकांना आज भेटलो तर सांगेन, बुकं चांगलीच असतात, पण टोकं कुठं लावायची हे हातालाही माहीत असावं लागतं. भेटायची भीती वाटेल. तरी सांगेन.

आणि काकू, आता तुमचं. तुम्ही आपला सोहळा, यजमानांचा कॅमेरा आणि पोटच्या मुलाचा शब्द, तिन्ही बाजूला ठेवून माझ्या हातात मीटर दिलात. तुमच्या बेसमेंटमध्ये लोणच्याच्या खणामागं, चादरीखाली फोटो छापायचा यजमानांचा एन्लार्जर आहे, मी पाहिलाय. त्याचा दिवा गेलाय आणि मला छपाई येत नाही. दिवा मिळेल, छपाई शिकेन. एक दिवस तुमच्या खालच्या वॉशरूममध्ये लाल बल्ब लावून, कानांवर हात ठेवून हसणाऱ्या तुम्हाला मी माझ्या हातानं कागदावर उतरवीन, पाण्यातून वर काढीन आणि ओला असतानाच तो कागद जिना चढून तुम्हाला आणून दाखवीन. तोवर तुम्ही कुठंही जायचं नाही. ही विनंती नाही, काकू. मोठ्यानं सांगतोय.